काजळ

बाबांची रायफल माझ्या नावावर झाली तेव्हा
नळीला आतून गंज होता, दस्त्याला वाळवी.
कलेक्टर कचेरीतला बाबू म्हणाला, मॅडम,
काहून घेता ही झंझट, जमा करून टाका.
मी सही केली. पेन त्याचंच घेतलं.

उरली होती फक्त अ‍ॅक्शन.
जर्मन, जड, विहिरीतल्या दगडासारखी गार.
बोल्ट मागं ओढला की अजून तोच आवाज यायचा,
दुपारी बाबा ओसरीत तेल देत बसायचे तेव्हाचा.
बाकी सगळं बदलता येतं, ते म्हणायचे,
नळी, दस्ता, चाप, दुर्बीण, माणूस.
अ‍ॅक्शन तेवढी धरून ठेवायची.

आता धरायची तर कारागीर हवा.
जालन्याच्या लाहोटींनी
कंप्युटरवर चालणारं लेथ दाखवलं, चहा पाजला,
अ‍ॅक्शन हातात न घेताच म्हणाले, फर्स्ट क्लास.
छावणीतल्या दुकानात, काचेच्या कपाटापुढं,
एका पोरानं मोबाइलवर तिचा फोटो काढला,
भाव लिहून दिला, तीन महिन्यांचा वायदा.
असा माल आता येत नाही, तोही म्हणाला.
मला बरं वाटलं.
बाबांनाच कुणी चांगलं म्हटल्यागत.

मग नांदेड. इतवाऱ्यात,
दोन भांड्यांच्या दुकानांमधला बोळ,
दस्तगीर उस्ताद.
पाटी नाही. भिंतीवर परवान्याची चौकट,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
आधी माझा परवाना वाचला, पानन्‌पान,
मग अ‍ॅक्शन उचलली
आणि गप्पच झाले.

म्हणाले, बाई, काजळ आहे?
पर्समधली डबी मी पुढं केली.

बोल्टला पुढं दोन कान असतात,
गोळी सुटताना सगळा दणका त्यांच्यावर.
उस्तादांनी करंगळीनं दोन्ही कानांना काजळ लावलं,
तान्ह्या लेकराला लावावं तसं,
बोल्ट बंद केला, उघडला,
उजेडाकडं धरला.

उजव्या कानाचं पुसलं होतं.
डाव्याचं जसंच्या तसं.

एकच टेकतो, म्हणाले. दुसरा नुसता दिसायला.
जास्त घासलाय कुणीतरी.
मग आतल्या बाजूची एक खूण अंगठ्यानं चाचपली,
तांदळाएवढी, मला आजवर न दिसलेली.
कुणीतरी काय. मीच.
एकोणीस वर्षांचा होतो. अब्बा हैदराबादला गेलेले,
गिऱ्हाईक घाईत, परभणीचं,
पाटबंधारे खात्यातलं, लई गोड बोलायचं.
अब्बांना सांगितलं नाही. कुणालाच नाही.

तीस वर्षं रेंजवर
बाबांची गोळी बोटभर डावीकडं जायची.
वारा ओढतो, ते म्हणायचे.
वाऱ्यासाठी त्यांची एक वही होती:
तारीख, वेळ, दिशा,
बांबूला बांधलेली चिंधी किती उडाली ते.
घरी पितळेचे पाच पेले आहेत.
पाचही दुसऱ्या नंबरचे.

मी उठले. चप्पल घातली.
बोळाच्या तोंडापर्यंत गेले.
शेजारी भांड्यांवर नावं घालायचं मशीन करकरत होतं,
कुणाचं तरी नाव एका ताटावर उतरत होतं
हळू, ठिपक्या ठिपक्यानं.
ताट पुरं होईपर्यंत उभी राहिले.
परत आले.

मग कोणती घेऊ?
कारखान्याची साधी घ्या, ते म्हणाले. रूप नाही तिला,
पण दोन्ही कान जाग्यावर. आणि काम
माझ्याकडंच द्या असं नाही.

तुमच्याकडंच, मी म्हटलं.
फर्स्ट क्लास म्हणणारे दोन पाहून आलेय.

जुनी अ‍ॅक्शन रीतसर त्यांच्याकडं जमा केली.
पावतीवर कारणाचा रकाना होता.
वारा लिहा, मी म्हटलं.
त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं,
मग लिहिलं: डावा कान, माझ्या हातून.
खाली सही, उर्दूत.

काजळाची डबी तिथंच राहिली.
राहू द्या, म्हणाले,
नवीची परीक्षा घ्यायची आहे.